न झिजणारं उलथनं

मुलाखतीला गेले, तर सरांनी आधी माझी चप्पल मागितली.

"सर्टिफिकेटं राहू द्या. चप्पल दाखवा."

अकोल्याहून पुण्यात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. पुण्यातली माणसं तिरकस बोलतात हे ऐकून होते, पण नोकरीसाठी चप्पल काढून टेबलावर ठेवावी लागते हे कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी ती उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला, खिशातून मोजपट्टीचा चिमटा काढून तळाची जाडी मोजली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"डाव्या पायावर भार जास्त टाकता. घाई करता का?"

"बस पकडायला पळावं लागतं."

"मग लवकर निघत जा. टाच वाचेल."

एवढ्यावर मला नोकरी मिळाली. आता मी चाकणला दुसऱ्या कंपनीत आहे आणि इथे माझ्या चपलेकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. सुरुवातीला त्याचं बरं वाटलं होतं. हल्ली वाटत नाही.

सरांचा कारखाना धायरीत होता, एका पिठाच्या गिरणीच्या मागे. काम म्हणजे झिजलेल्या धातूच्या वस्तू भरून काढायच्या. कुठल्या यंत्राचा दांडा झिजला, कुठला साचा खाल्ला गेला, कुठला रोलर गुळगुळीत झाला की तो टेंपोत घालून आमच्याकडे यायचा. आम्ही त्यावर लेसरचा झोत टाकायचो. जिथे झोत पडेल तिथला लोखंडाचा मोहरीएवढा ठिपका वितळायचा आणि त्याच ठिपक्यात नोझलमधून बारीक धातूची पावडर फुंकली जायची. ती वितळून तिथेच बसायची. मग झोत पुढे. सोऱ्यातून शेव पाडावी तशी ओळीला ओळ लागत जायची आणि दांडा पुन्हा मूळ जाडीचा व्हायचा, वर नव्यापेक्षा टणक. शिकून आले होते तरी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. सर म्हणाले, "तोंड मिटा, पावडर जाईल."

आमचा लेसर डोळ्यांना दिसत नसे. काम चालू असताना दिसायचा तो फक्त वितळलेल्या धातूचा पांढरा ठिपका, आणि तोही काळ्या काचेतून. यामुळे पाहुण्यांची फार निराशा व्हायची. एकदा गणपतीच्या आधी एका मंडळाचे कार्यकर्ते आले. बाहेरची पाटी वाचून आले होते.

"काका, मिरवणुकीला लेसर पाहिजे. हिरवा आहे का?"

"आमचा दिसत नाही," सर म्हणाले.

"मग काय उपयोग?"

"लोखंड वितळतं."

कार्यकर्ते विचारात पडले. आपसात काहीतरी कुजबुजले. मग त्यातला पुढारी म्हणाला, "भाड्याने देता का?"

सरांनी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी त्याच्या ढोलाची काठी मागून घेतली, टोक पाहिलं आणि दोन्ही टोकं आलटूनपालटून वापरायची कशी याचं प्रात्यक्षिक दिलं. मंडळाचे लोक गेले ते पुन्हा धायरीत फिरकले नाहीत.

झीज हा सरांचा वैरी होता. धंद्यातलाच नव्हे, एकूणच. जगातली प्रत्येक वस्तू दर क्षणाला कुठेतरी घासली जाते आहे आणि लोक निवांत चहा पीत आहेत, याचं त्यांना मनापासून दुःख व्हायचं. जिना चढताना ते पायऱ्यांच्या अगदी कडेने, भिंतीला खांदा घासत चढायचे, कारण मधला भाग बाकीच्यांनी आधीच झिजवून ठेवलेला. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाला उजव्या खांद्यावर चुना लागलेला असायचा. मी एकदा म्हटलं, "सर, शर्ट झिजतो की भिंतीवर." ते थांबले, गंभीर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून उतरताना डावा खांदा घासू लागले.

दर शनिवारी ते डावी चप्पल उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात घालायचे. झीज सम होते म्हणे. शनिवारी सर गिरणीच्या बाजूने येताना दिसले की आमचे मशीन चालवणारे दत्ताभाऊ हातातलं काम ठेवून दारात उभे राहायचे. दत्ताभाऊ धायरीचेच, वयाने सरांच्या खालोखाल. "आलं बदक," म्हणायचे, आणि सर जवळ आले की अतिशय आदराने, "या साहेब."

ऑफिसातल्या खुर्च्यांचीही पाळी असे. आज माझ्याखाली असलेली खुर्ची उद्या हिशेबनिसाकडे, परवा सरांकडे. मला तिथे असताना स्वतःची खुर्ची कधी मिळाली नाही. घसा झिजतो म्हणून सर फोनवर बोलत नसत, फक्त ऐकत. समोरचा माणूस पलीकडून ओरडायचा, "हॅलो? आहात का?" आणि सर मान हलवायचे.

एका इंजिनिअरांच्या संस्थेने सरांचा सत्कार ठेवला होता. आम्ही सगळे गेलो होतो. वक्ता रंगात आला आणि म्हणाला की आपले सत्कारमूर्ती या क्षेत्रासाठी आयुष्यभर चंदनासारखे झिजले. सर ताडकन उठले.

"किती?"

वक्त्याला कळेना. "म्हणजे?"

"किती झिजलो? मोजलंत?"

"अहो, भावना आहे ती..."

"भावना ठीक आहे. पण मी झिजलेलो नाही. हे सगळ्यांच्या देखत मागे घ्या."

वक्त्याने मागे घेतलं. सर शांतपणे खाली बसले, आणि शाल दुमडली जिथे आधी दुमडलेली नव्हती अशा ठिकाणी.

या माणसाच्या घरात बाई कशी नांदत असेल, असं मला नेहमी वाटायचं. पण काकूंना भेटले तेव्हा उत्तर मिळालं. काकू त्यांच्याकडे लक्षच देत नसत. कसब्यात तिसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. काकू ठेंगण्या, गोऱ्या, सतत काहीतरी पुटपुटणाऱ्या. सरांनी घरातली भांडी फडताळात फिरती ठेवावीत असा नियम केला होता, आणि काकू सर बाहेर पडले की सगळी पुन्हा आपल्या जागी ठेवायच्या. "त्यांची झीज बाहेर, माझा ओटा माझा," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. रोजच्या डब्यात सरांना त्यांच्या हातच्या पोळ्या असायच्या. घडी सुटावी आणि प्रत्येक पापुद्रा वेगळा व्हावा अशा. सर वस्तूंची स्तुती सहसा करत नसत, पण पोळी खाताना म्हणायचे, "इतक्या वर्षांत हिच्या कामाची जाडी बदललेली नाही."

लग्नाचा वाढदिवस जवळ आला तेव्हा सर एके सकाळी रुमालात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. टेबलावर ठेवलं आणि हलकेच उघडलं. लोखंडी उलथनं होतं. जुनं, काळंभोर, आणि पुढची पट्टी डावीकडून अशी झिजलेली की सरळ कड राहिलीच नव्हती. तिरका उतार झाला होता.

"बघा," सर म्हणाले. त्यांचा आवाज कापरा झाला होता. "माझ्या घरात. माझ्या नाकाखाली. आणि मी लोकांचे रोलर भरत बसलो."

"सर, उलथनं आहे. शंभरेक रुपयांत नवीन मिळतं."

"नवीन घेणं म्हणजे हार मानणं."

मग आम्ही दोन दिवस एका साखर कारखान्याच्या रोलरचं काम बाजूला ठेवून उलथनं भरलं. खोटं कशाला सांगू, काम कठीण होतं आणि मजाही आली. पत्रा पातळ, उष्णता जरा जास्त झाली की वेडावाकडा होणार. सरांनी गुडघ्याच्या सांध्यात बसवतात त्या जातीची पावडर निवडली, म्हणजे पोटात गेली तरी चिंता नाही. मी झोत बेतला, दत्ताभाऊंनी पावडर सांभाळली. शेवटी पट्टी चारही बाजूंनी काटकोनात सरळ झाली. सरांनी कडेवरून बोट फिरवलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता हे कधीच झिजणार नाही," ते म्हणाले. दत्ताभाऊ म्हणाले, "साहेब, अंगठी दिली असती तरी चाललं असतं."

वाढदिवसाला त्यांनी मला आणि दत्ताभाऊंना जेवायला बोलावलं. पुरणपोळीचा बेत होता. उलथनं सरांनी काही न सांगता सकाळीच ओट्यावर परत ठेवलं होतं. आम्ही पाटावर बसलो. आतून तव्याचा चरचराट, मग खरखर, मग शांतता. काकूंनी पहिली पोळी वाढली ती चार तुकड्यांत. दुसरी एका बाजूने करपलेली, पुरण बाहेर आलेलं. तिसरी आलीच नाही. मी आत गेले.

काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. उलथनं हातात, तव्यावर पोळीचा लगदा. त्या रडत नव्हत्या. नुसत्या तव्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"काकू, गॅस मोठा झालाय."

"मोठा आहे का? बंद कर गं." मी गॅस बंद केला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे उलथनं कुणी असं केलं?"

आमची तिघांची कारागिरी त्यांच्या हातात चमकत होती.

"मला दिसत नाही, बाळ," काकू म्हणाल्या. "काचबिंदू आहे. आधी कडेकडेचं गेलं, आता मधलंही धूसर झालंय. ह्यांना वाटतं थेंब घालते म्हणजे ठीक आहे. पेपर सुटला, शिवण सुटलं, रांगोळी सुटली. पोळी तेवढी जमत होती. ह्या उलथन्याचा तिरपा भाग माझ्या तव्याला बरोब्बर चिकटून सरकायचा. सरकला की आवाज यायचा, पोळी कुठे आहे ते हाताला कळायचं. आता नुसतं खरखरतं. पोळी कुठे, तवा कुठे, काही कळत नाही गं. एवढंच उरलं होतं माझं."

मी मागे पाहिलं तर दारात सर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ते काहीतरी विचित्र बोलतील, आणि ते बोललेच.

"पण पोळी तर तशीच येत होती," ते म्हणाले.

"तुम्हाला कळू नये म्हणूनच," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही पुरण वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं. दत्ताभाऊंनी दोनदा मागून घेतलं, तेही भिडेखातर.

दुसऱ्या दिवसापासून सर कामाला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी झिजवायचं होतं. आमच्याकडे घर्षणाची चाचणी घ्यायचं यंत्र होतं. एक चकती फिरते, तिच्यावर नमुना दाबून धरायचा आणि किती झिजतो ते पाहायचं. सरांनी मंडईतून काकूंच्यासारखा एक तवा आणला, चकतीच्या जागी बसवला आणि त्यावर उलथनं टेकवून यंत्र सुरू केलं. मी सुचवलं की आपण सरळ घासून का काढत नाही? ग्राइंडर आहे. सर दुखावले. "ती खोटी झीज. हिला वापराची झीज हवी आहे."

तवा फिरू लागला. आठवडाभर फिरला. एका दुपारी दत्ताभाऊ यंत्राजवळ वाकले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"साहेब, तव्याला भोक पडलं. उलथनं हाय तसंच हाय."

दुसरा तवा आणला. तोही गेला. आमच्या धंद्याच्या इतिहासात इतका उत्तम निकाल कधी आला नव्हता, आणि इतकं सुतकी वातावरणही कधी नव्हतं. त्याच आठवड्यात साखर कारखान्याचे मुख्य इंजिनिअर त्यांच्या रोलरची चौकशी करायला आले. फिरत्या तव्यावर दाबून धरलेलं उलथनं पाहून ते हबकले.

"हे काय चाललंय?"

"घरगुती काम," सर म्हणाले.

इंजिनिअरांनी भोक पडलेले तवे पाहिले, उलथन्याची कड पाहिली. "अहो, काय लेप आहे हा! काहीच झिजत नाही?"

"काहीच नाही हो," सर अक्षरशः हुंदका देऊन म्हणाले. "काही म्हणता काही झिजत नाही."

इंजिनिअरांनी जागेवर सगळे रोलर आमच्याकडे द्यायचं ठरवलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार तळमळीचा माणूस आहे."

शेवटी सरांनी खोटी झीज पत्करली. भरण्याआधी आम्ही उलथन्याचा आकार कॉम्प्युटरवर उतरवून घेतला होता, तो काढला आणि हिऱ्याच्या चाकावर तंतोतंत तसा उतार पाडला. सरांनी स्वतः नेऊन दिलं. काकूंनी हातात धरलं, तव्यावरून फिरवलं आणि हळूच खाली ठेवलं. "आकार तोच आहे हो," त्या म्हणाल्या, "पण हे टणक आहे. तव्याला ओरबाडतं. आवाज माझा नाही." तरी सरांचं मन मोडू नये म्हणून त्यांनी दोन दिवस वापरून पाहिलं. मग उलथनं बाजूला ठेवून बोटांनी पोळी उलटायला गेल्या आणि मनगट तव्याला टेकलं. चांगलंच भाजलं.

सर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही सोबत होते, रिक्षातून उतरवायला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की उरलेली नजर जपता येईल, गेलेली नाही येणार.

"लेसर करतात ना डोळ्यांत?" सरांनी विचारलं.

"करतात. पण त्याने डोळ्यातला दाब कमी होतो. गेलेलं भरून येत नाही."

"कुठल्याच लेसरने?"

"कुठल्याच नाही."

बाहेर आल्यावर सरांनी काकूंचा हात धरला आणि भिंत सोडून पायऱ्यांच्या मधोमध जिना उतरू लागले, आणि मला एकाएकी रडू आलं. मी चप्पल नीट करायच्या निमित्ताने खाली वाकले.

त्यानंतर सर उशिरा यायला लागले. दहा, साडेदहा. कारण कुणी विचारलं नाही. त्याच सुमारास साखर कारखान्याच्या मोठ्या कामासाठी आम्ही दाराला बोट टेकवायचं हजेरीचं मशीन बसवलं होतं. बोट टेकवलं की दार उघडायचं. पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी मी बसमधून उतरून चालत आले, तर सर स्वतःच्या कारखान्याबाहेर डबा घेऊन उभे. मशीनवर एक बोट टेकवत होते, मग दुसरं, मग तिसरं. आतून मशीनमधली बाई म्हणत होती, "प्लीज ट्राय अगेन."

"कधीपासून उभे आहात सर?"

"झाला थोडा वेळ. हिला मी पटत नाही."

मी त्यांचा हात पाहिला. उजव्या हाताची बोटं पुढून लाल आणि गुळगुळीत झाली होती. रेषा पार पुसल्या होत्या. एका बोटावर फोड होता, दुसऱ्यावर फुटलेल्या फोडाची नवी कातडी.

"हे काय झालं?"

"पोळ्या," सर म्हणाले. "ती लाटते, तव्यावर टाकते. मी शेजारी उभा राहतो. ती वासावरून सांगते, 'आता', की मी उलटायची. 'आता' म्हणजे तिच्या लेखी तेव्हाच. नंतर नाही."

"सर, चिमटा वापरा ना."

"चिमट्याने पापुद्रा फाटतो. ती ओरडते."

दत्ताभाऊंनी आतून दार उघडलं. मी म्हटलं, मशीनवाल्याला बोलावून तुमचा चेहरा नोंदवून घेऊ. सर म्हणाले, त्याची काही गरज नाही, मी बेल वाजवत जाईन. मग ते आत येऊन त्या दिवशीच्या पाळीच्या खुर्चीवर बसले आणि मी शेजारी. त्यांनी डबा उघडला, वरची पोळी माझ्या हातावर ठेवली. पोळी पूर्वीसारखीच होती, घडी तशीच सुटत होती. फक्त एका ठिकाणी रुपयाएवढा काळा डाग होता. मी तो पाहतेय हे सरांनी पाहिलं आणि ते ओशाळले.

"ती 'आता' म्हणाली तेव्हा," ते म्हणाले, "मी तिच्याकडे बघत होतो."